बिबट्याच्या नावावर

६ जानेवारी, सकाळी ७
पिकअप रिव्हर्स घेताना शेजारच्या साळुबाईचं कोकरू चाकाखाली आलं. जागेवर गेलं. कुणी पाहिलं नाही. सांगायला निघालोच होतो, पण बाई म्हणजे तोफ. दीडशे थ्रिलर वाचल्यात, त्या काय उगाच? आपल्या जुन्नर तालुक्यात गुन्हेगार आयता आहे. बिबट्या!

सकाळी ९
कोकरू उसात टाकलं. ओल्या मातीत मूठ दाबून ठसे उठवले, काडीनं नखं काढली. नखांशिवाय बिबट्या शोभत नाही. परफेक्ट क्राइम. हात तीनदा धुतले. नाश्ता मात्र गेला नाही.

७ जानेवारी
वनरक्षक आले. ठसे बघून हसले. म्हणाले, बिबट्या चालताना नखं आत घेतो, हे कुत्र्याचं काम. सगळ्यांनी टिप्याकडे पाहिलं. साळुबाईचा कुत्रा, नऊ वर्षं मेंढरं राखतोय. तो शेपूट हलवत होता. घाम मला फुटला.

८ जानेवारी
रक्ताची चटक लागलेलं कुत्रं मेंढरात ठेवत नाहीत. बाईचा पोरगा सोमाजी त्याला रविवारी टेम्पोतून भीमाशंकरच्या रानात सोडणार. तिथं खरा बिबट्या आहे. अरे देवा! उद्या कबूल करणार. फायनल.

९ जानेवारी
आज शुक्रवार, बाईचा उपास. उपाशी माणसाला धक्का देऊ नये. टिप्याला बिस्किटं घातली. त्यानं हात चाटला. तोच हात, ठसेवाला.

१० जानेवारी
कबुलीचं भाषण पाठ केलं. थ्रिलरमधला खुनी शेवटी मान ताठ ठेवून बोलतो. आरशासमोर झकास जमलं. मग बाईच्या दारात गेलो. मेथीची जुडी मागून परत आलो.

११ जानेवारी, सकाळी ८
टेम्पो दारात. पळत गेलो आणि सगळं ओकलो. चाक, ऊस, मूठ, काडी. सुटलो एकदाचा!
मग साळुबाईच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, मुक्या जनावरापायी आळ अंगावर घेतोस, लई मोठ्या मनाचा हाईस रं भगवंता. सोमाजी म्हणाला, राव, तुमी कोंबडी कापताना डोळे मिटता, तुमच्यानं असलं काय व्हतंय व्हय?
परत सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाईनं हातात चहा दिला. एवढ्या मायेनं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नव्हतं.
चहा घेतला.

सकाळी १०
टेम्पो गेला. टिप्या सोमाजीला बधत नव्हता, पाय रोवून बसला होता. सगळे म्हणाले, तुमी बोलवा. मी हाक मारली, लगेच चढला.