देवसिंगच्या भिंतीवरचा टीव्ही

५ नोव्हेंबर २०१७, रविवार

टीव्ही गेला. बिघडला तर मागच्या महिन्यातच होता, आज घरातून गेला. स्टॅन्डवरून आलो तर टेबल रिकामं! विमलले विचारलं. म्हणे, देवसिंगभाऊले देऊन टाकला, तुमचं काय अडलं?

माझं काय अडलं! पंधरा इंची असला म्हणून काय झालं, एसटीतून रिटायर झालो तेव्हा हौसेनं घेतलता. आवाज येत होता, चित्र तेवढं नव्हतं. मेकॅनिक म्हणे आतला लाइट गेला, आता नवाच घ्या.

देवसिंग त्याचा प्रोजेक्टर बनवणार आहे म्हणे. सिनेमासारखं भिंतीवर चित्र पाडणार. जिनिंगात वायरमन आहे, आमच्या भिंतीले भिंत लागून राहते, बायको केव्हाची वारली. यंदा बोंडअळीनं कापूसच ठेवला नाही, जिनिंग बंद, म्हणून याचे हात रिकामे. हात रिकामे असले तर माझ्याच घरात घालाचे का?

७ नोव्हेंबर

विमल तिकडे चहा घेऊन गेली. कपबशीत. मले गिलासात देते.

९ नोव्हेंबर

गेलतो पाहाले. माझा टीव्ही खाटेवर चिरून ठेवला होता! मागचं टरफल एकीकडे, तारा एकीकडे, मधात पातळ काचेचा पडदा. देवसिंग म्हणे, या कंडक्टरसाहेब, बसा. त्यानं टीव्हीले करंट दिला अन् काचेच्या मागून बॅटरी मारली. खरंच काचेत माणसं हालत होती! म्हणे, "चित्र जित्तं हाये सायेब. उजेड मेला."

आता काचेच्या मागे जिनिंगच्या कंपाउंडातला जुना मोठा लाइट बसवणार. शाळेच्या भंगारातून रेघारेघांचं प्लास्टिकचं भिंग आणलं आहे, ते मधात. पुढे काचेचं जाड भिंग. सगळं प्लायच्या खोक्यात. बोलते कमी, करते जास्त. असा माणूस मले मुळीच आवडत नाही.

विमल तिथीच बसली होती, स्क्रूची वाटी हातात घेऊन. एकेक स्क्रू चाचपून देत होती. घरात सुईत दोरा ओवून दे म्हटलं तर "मले नाही जमत" म्हणते.

१३ नोव्हेंबर

भिंतीपलीकडून विमल हासली. मोठ्यानं. किती दिवसांनी ऐकलं! अन् कोणापाशी?

घरी आल्यावर विचारलं, काय एवढं हासाले होतं? म्हणे, चित्र आलं पण उलटं आलं, माणसं डोक्यावर चालत होती. भिंग सगळं उलटं करते, म्हणून भाऊनं काचच उलटी बसवली, आता सुलटं येते. सांगताना पुन्हा हासली. मी नाही हासलो. मले त्यात हासण्यासारखं काही दिसलं नाही.

१६ नोव्हेंबर

एक गोष्ट ध्यानात आली अन् तेव्हापासून डोकं फिरलं आहे. विमल माझ्याकडे पाहून बोलत नाही. कानाकडे पाहते. नाहीतर खांद्याच्या वरून, मागे कोणी उभं असल्यासारखं. मी मुद्दाम समोर सरकलो तर तिनं मान वळवली.

तीस वर्षं गाडीत काढली. बिनतिकिटाचा माणूस मी पाहण्यावरून ओळखत होतो. सरळ पाहतच नाही तो!

१९ नोव्हेंबर, रविवार

ऐकलं. कान लावून नाही, न्हाणीत होतो, तिथून ऐकू येते. विमल म्हणत होती, "एवढ्यात आमच्या ह्यांले सांगू नका, भाऊ." अन् तो म्हणे, "नाही सांगत, ताई."

भाऊ अन् ताई! म्हणाले काय लागते?

सासष्ट वय आहे माझं. या वयात हे लिहाची लाज वाटते. पण जळते. हे मी कोणाले सांगू? स्टॅन्डवर सगळं सांगतो, हे कसं सांगू?

२० नोव्हेंबर

जेवलो नाही. ताट तसंच ठेवलं, भाकरीचा तुकडा मोडला नाही. तिनं ताट उचललं, मोरीत नेलं. काहून जेवले नाही, एवढंही विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर

आज मी देवसिंगची जिरवली! उद्या समजन त्याले.

झालं असं. चित्र भिंतीवर येते, पण मंद येते. विमल रोज तेच म्हणते, भाऊ, अजून उजेड पाह्यजे. त्याचं डोकं चालून नाही राह्यलं. आज तो पंखा आणाले यवतमाळले गेला, खोक्यात काच तापते म्हणून. किल्ली आमच्या घरी. विमल मंदिरात गेलती. मी गेलो, खोकं उघडलं, काच बाहेर काढून उन्हात धरली. पाहतो तर काय! काचेवर प्लास्टिकचा कागद तसाच चिकटलेला, काळपट. एवढा मोठा वायरमन अन् वरचं कव्हरच काढलं नाही! आपल्या लोकांची सवयच आहे ही. नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक फाटेपर्यंत काढत नाहीत. डेपोत नवी गाडी आली की मीच ओढून काढत होतो.

कोपरा नखानं उचलला, ब्लेड घातलं, हळूहळू ओढलं. अख्खा निघाला. काच कशी लख्ख! होती तशी बसवून ठेवली. कागद माझ्या पिशवीत आहे. उद्या चित्र झगझगीत आलं की काढून दाखवीन. विमलले समजू दे, उजेड कोणी पाडला.

बबनरावले उजेड पाहाले बोलावलं आहे, माझ्या गाडीवर ड्रायव्हर होता. त्याले सांगतलं म्हणजे स्टॅन्डले सांगतलं.

२५ नोव्हेंबर

दिवेलागणीले गेलो. बबनराव, मी, विमल. देवसिंगनं पंखा बसवला, बटन दाबलं.

भिंत पांढरी. लख्ख पांढरी. आवाज येत होता, कोणी बाई गात होती, पण भिंतीवर काहीच नाही. देवसिंगनं वायर हालवून पाहिली, भिंग पुसलं. बबनराव माझ्याकडे पाहून म्हणे, "उजेड तर बम पाडला, बाप्पा!"

मी पिशवीतून कागद काढला. म्हटलं, हे वर चिकटलं होतं, मी काढलं. देवसिंगनं कागद घेतला. खोक्यापाशी गेला अन् पुढच्या भिंगासमोर तो कागद धरला. बाई आली! गाणारी बाई, कागदाच्या चुण्यांसकट. कागद बाजूले केला, गेली. धरला, आली. म्हणे, "काचेत चित्र बनते सायेब, पण ह्या कागदाबिगर डोळ्याले दिसत नाही. कव्हर नाही ते."

दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो तसाच हात वर करून कागद धरून उभा राहिला अन् विमलले विचारलं, आता दिसते का ताई? ती भिंतीच्या अगदी जवळ गेली, मान वाकडी करून पाह्यलं, अन् म्हणाली, "दिसते. बाईचं नाक दिसते."

नाक! बाई भिंतीएवढी होती.

घरी आल्यावर मी फुटलो. जे पोटात होतं ते सगळं बोललो. कपबशी, हासणं, भाऊ, ताई, सांगू नका. बोलाचं नाही तेही बोललो. विमल खाटेवर बसून ऐकत होती. रागावली नाही. शांतपणे म्हणाली,

"मले मधात डाग हाये. दोन्ही डोळ्याले. तुमच्याकडे सरळ पाह्यलं तर तुमी नसताच. बाजूले पाह्यलं की थोडेसे येता."

दिवाळीच्या आधीपासून. डोळ्याच्या कॅम्पात दाखवलं, ते म्हणे यवतमाळले मोठ्या डॉक्टरकडे जा. कॅम्पात देवसिंग घेऊन गेलता. खूप मोठं असलं तर अजून उमजते, म्हणून तिनंच त्याले म्हटलं, भाऊ, त्या टीव्हीचं भिंतीएवढं करून द्या. टीव्ही बिघडला म्हणून मी चिडलो होतो, तिले तर त्याच्या आधीपासूनच दिसत नव्हता.

मी विचारलं, मले काहून नाही सांगतलं?

"तुमी सांगता," म्हणाली. "तुमाले सांगतलं की अख्ख्या गाडीले ऐकू जाते. मंग उद्यापासून सगळे मले हात धरून रस्ता ओलांडून देतीन. मले अजून आपल्या पायानं मंदिरात जाचं हाये."



२६ नोव्हेंबर

देवसिंगकडे गेलतो. माफी मागाची होती, जमली नाही. भिंगासमोर तो कागद बसवाले लाकडाची चौकट पाह्यजे होती, ती रंधून दिली. त्यानं चहा दिला. तिले त्यानं कॅम्पात नेलं अन् मी स्टॅन्डवर गप्पा हाणत होतो, हे अजूनही जळते. आता त्याच्यावर नाही जळत, पण जळते.

३० नोव्हेंबर

यवतमाळहून आलो. डॉक्टर म्हणे, गेलं ते येत नाही, राहिलं ते जपू. स्टॅन्डवर बबनरावनं विचारलं, जोडीनं कुठी गेलते? म्हटलं, कापड घ्याले.

संध्याकाळी विमल म्हणाली, "दाढी केली का आज?" म्हटलं, केली ना. केली नव्हती. "बरं," म्हणाली. तिले खरं वाटलं.

मंग उठलो, पाणी गरम केलं अन् दाढी केली.