सावडीनं लिहिलेल्या वह्या

गुरुजी, मी विद्यापीठात शिकले. आधी बसून घ्या आणि मग पुढचं वाचा. मी म्हणजे ती, आंबेगावच्या डोंगरातल्या वाडीवरून येणारी, पाटीवर मुंगीएवढं अक्षर काढणारी. तुम्ही माझी पाटी खिडकीच्या उजेडाला धरायचात आणि म्हणायचात, "तुझं अक्षर कुणाला भितंय का गं? मोठं काढ. बापानं अख्खी पाटी आणलीय, अख्खी वापर." तिसरी झाली आणि घरात धाकटी भावंडं सांभाळायला माणूस लागलं, तशी माझी शाळा सुटली. तेव्हा तुम्ही आमच्या दारात आलात. माझ्या वडलांशी भांडला नाहीत, पाणीसुद्धा उभ्यानंच प्यालात, आणि चौथीचं पुस्तक माझ्या हातात ठेवलंत. "पुढच्या वर्षाचं आहे, अडलं तर येऊन विचार," म्हणालात. अडले मी लई वेळा, पण विचारायला आले नाही. पुढं लग्न होऊन जुन्नरकडं खाली उतरले, बागायतीत, कांद्यात. ते पुस्तक मी चुलीपाशी बसून इतक्यांदा वाचलं की सासूबाई म्हणायच्या, "हिला तेच ते वाचून कंटाळा कसा येत न्हाई?" दुसरं पुस्तक घरात होतं कुठं?

आता विद्यापीठाचं सांगते. पण त्याच्याआधी सुनेचं सांगायला पाहिजे, कारण सगळी सुरुवात तिच्यापासून आहे. गावात तेव्हा घरोघरी टीव्ही आले होते, फोन मात्र वाण्याकडं एकच. सून बारावी शिकून आमच्यात आलेली. एक दिवस पोस्टमन खाकी कागदातलं जाडजूड पार्सल घेऊन दारात उभा. मला वाटलं, हिच्या माहेरनं साडी पाठवली. सोडून बघते तर पुस्तकं. नवी कोरी, अजून वास जायचा होता. मी म्हटलं, "हे गं काय?" तर म्हणते, "आत्या, मी बी.ए.ला नाव घातलंय." मला काही उमजेना. रोज भाकरी थापते ही माझ्यासमोर, कॉलेजला जाते कधी? तर म्हणे, "मी न्हाई जात, कॉलेजच घरी येतं. मुक्त विद्यापीठ हाय ते." मग हळूच म्हणाली, "तुमी बी भरा की फॉर्म. शाळेचा दाखला नसला तरी घेत्यात. पूर्वतयारीची परीक्षा पास झालं की म्होरं बी.ए.ला बसता येतं. वय तेवढं अठराच्या वर पाहिजे." मी म्हटलं, अठराच्या वर तर मी चांगलीच आहे बाई, माझ्या मांडीवर तुझा लेक झोपलाय.

दुसऱ्या दिवशी शेतात मी हे गंमत म्हणून सांगितलं. तर माझी थोरली जाऊ, जिला उभ्या जन्मात कुणी काही सांगितलेलं एका फटक्यात पटलेलं नाही, ती म्हणाली, "तू एकटी का? आमी काय पाप केलंय?" जाऊही माझ्यासारखीच, तिसरी-चौथी शिकलेली. आणखी तिघी तयार झाल्या, त्यातली एक आमच्या गल्लीतली, एसटीच्या ड्रायव्हरची बायको. पाच जणींनी फॉर्म भरले. सही मी एकेक अक्षर जपून अशी केली जसं काही जमीन विकतेय. मालक म्हणाले, "म्हातारपणी आता डोस्कं चालायचं का?" मी म्हटलं, "चालत नव्हतं तर तुमचा संसार कशानं केला?"

पहिल्या रविवारी आम्ही जुन्नरला गेलो. तिथल्या एका शाळेच्या वर्गात अभ्यासकेंद्र होतं. गुरुजी, मी बाकावर पहिल्यांदा बसले. तुमच्याकडं आपली सारवलेली जमीन, तिच्यावर बसून पाठ कशी ताठ राहायची, बाकावर मला पाय कुठं ठेवावेत तेच कळेना. शिकवायला एक तरुण सर होते, आठवडाभर कॉलेजात शिकवून रविवारी आमच्यासाठी येणारे. त्यांनी फळ्यावर विद्यापीठाचं चित्र काढलं. म्हणाले, आपल्या देशात कॉलेजची दारं मोजक्या लोकांना उघडी होती. शेतातल्या, कारखान्यातल्या, घरातल्या माणसानं जायचं कुठं? म्हणून संसदेत कायदा करून साऱ्या देशासाठी हे विद्यापीठ काढलं, ज्याला वर्गाच्या भिंती नाहीत. सगळ्यात वर राष्ट्रपती. त्यांच्या खाली कुलगुरू. मग विद्याशाखा, म्हणजे पुस्तकं लिहिणारी विद्वान मंडळी. मग पुण्याचं विभागीय केंद्र, मग जुन्नरचं हे अभ्यासकेंद्र, आणि पार तळाला त्यांनी एक बारकं गोल काढलं. म्हणाले, "आणि हे तुम्ही, विद्यार्थी."

मी आपली राष्ट्रपतींपासून माझ्यापर्यंत एकच रेघ आलेली बघून हरखले होते. जाऊ मात्र उभी राहिली. "सर, आमी तळाला का?" सर म्हणाले, "रचना तशी आहे मावशी." "आमच्या डेअरीची बी रचना अशीच हाय. वर पुण्याचा संघ, मंग शीतकरण केंद्र, मंग गावची डेअरी, आन् तळाला म्हैस. म्हशीनं कास आखडली तर वरचे समदे काय इकणार?" वर्ग हसला. सरांनी डस्टर घेतलं, तळाचं गोल पुसलं आणि सगळ्यात वर, राष्ट्रपतींच्याही वर काढलं. म्हणाले, "परीक्षेत मात्र पहिल्यासारखंच काढा." तुम्हाला सोपं करून सांगायचं तर असं आहे, गुरुजी: दूध खालून वर जातं, धडे वरून खाली येतात. आणि धडा पोचला का नाही हे वरच्यांना कळावं म्हणून आपण स्वाध्याय लिहून परत वर पाठवायचे. स्वाध्याय म्हणजे घरी बसून लिहायची उत्तरं. ते पास झाले तरच परीक्षेचं प्रवेशपत्र येतं.

इथंच आम्ही घोळ घातला. स्वाध्यायात प्रश्न होते पाच आणि आम्ही होतो पाच. तुम्हीच सांगा, आम्ही दुसरं काय करणार? आमच्याकडं कांदा लावायचा म्हणजे सावड असते. आज सगळ्या जणी माझ्या वावरात, उद्या जाऊच्या, परवा तिसरीच्या. मजुरी कुणी द्यायची नाही, घ्यायची नाही, सगळ्यांचं रान लावून होतं. आम्ही प्रश्नांची सावड केली. एकेकीनं एकेक प्रश्न घेतला, जीव लावून लिहिला, आणि मग एक दुपार जाऊच्या पडवीत बसून बाकीच्यांनी तो आपापल्या वहीत उतरवला. मी पिण्याच्या पाण्याचा प्रश्न घेतला होता. चहा दोनदा झाला, शेंगा भाजल्या. पडवीत एवढं हसू होतं की रस्त्यानं जाणारी माणसं विचारत होती, आज हळद कुणाची? वह्या देऊन आलो तेव्हा मला वाटत होतं, असा अभ्यास कुणी केला नसेल.

पुढच्या रविवारी सरांनी आम्हा पाच जणींना मागं थांबवलं. टेबलावर वह्या मांडलेल्या. मला म्हणाले, "आजी, तुमचे मालक काय करतात?" मी म्हटलं, "शेती." "इथं तर लिहिलंय, माझे पती एसटीत ड्रायव्हर आहेत." 'आपल्या कुटुंबाची ओळख करून द्या' हा प्रश्न ड्रायव्हरच्या बायकोकडं होता, आणि आम्ही चौघींनी तो काना-मात्रेसकट उतरवला होता. सर एकेक वही उघडत म्हणाले, "या मावशींचेही ड्रायव्हर. या ताईंचेही. पाचही जणींना दोन मुली, आणि पाचही जणींची थोरली नगरला दिलेली." ड्रायव्हरच्या बायकोनं पदरात तोंड लपवलं. जाऊ म्हणाली, "सर, आमच्या मालकाला धड सायकल येत न्हाई. त्यांनी वाचलं तर लई खूश व्हतील." सरांना हसू आवरेना, पण मग ते गंभीर झाले. म्हणाले, याला नक्कल म्हणतात. पुढं पाठवलं तर पाचही बाद होतील. पंधरा दिवसांत प्रत्येकीनं आपलं आपण लिहून आणा, नाहीतर प्रवेशपत्र येणार नाही.

नक्कल हा शब्द मला लई लागला. मी कधी कुणाच्या बांधावरची काडी उचललेली नाही. मी सरांना सावड काय ते सांगायला लागले, तर ते म्हणाले, "ठाऊक आहे आजी, माझी आई अजून जाते सावडीला." मग म्हणाले, "कांदा कुणी लावला, हे कांदा विचारत नाही. विद्यापीठ विचारतं. त्याला तुम्ही पाहिजे आहात." परतीच्या एसटीत मी खिडकीतून बघत होते आणि मनात एकच होतं: एकदा शाळेच्या दारातून मागं फिरले, तेव्हा घरच्यांनी फिरवलं. आता फिरले तर माझ्याच हातानं. दुसऱ्यांदा काही कुणी पुस्तक घेऊन दारात येणार नाही.

आणि ते पंधरा दिवस नेमके लागवडीचे. सकाळपासून वाफ्यात वाकायचं, दुपारची भाकरी झाली की बाकीच्या जरा आडव्या व्हायच्या आणि मी बांधावर वही घेऊन बसायची. आता सांगते ते अजून डोळ्यांसमोर आहे. ऊन डोक्यावर आलंय, बोटांना रोपांचा वास येतोय, वहीवर चिखलाचा ठसा उठलाय, आणि मी माझ्या कुटुंबाची ओळख लिहितेय. माझे पती शेती करतात. त्यांना राग लवकर येतो आणि लवकर जातो. एवढं लिहिलं आणि मलाच नवल वाटलं, की हे कुणाच्या वहीत नाही, फक्त माझ्या वहीत आहे. तुमची आठवण झाली, म्हणून अक्षर दोन ओळी व्यापून काढलं. पाचवा प्रश्न होता, 'आपल्या परिसरातील एका संस्थेची रचना लिहा.' मागच्या खेपेला सगळ्यांनी डेअरी लिहिली होती. या खेपेला मी सावड लिहिली. जिला कचेरी नाही, शिक्का नाही, रजिस्टर नाही, तरी कुणाचं रान पडून राहत नाही, अशी संस्था. दीड पान झालं, गुरुजी. सुनेनं "दाखवा की" म्हटलं तरी मी वही उशाखाली ठेवली.

चौदाव्या दिवशी वह्या दिल्या. पाचही पास झाल्या. प्रवेशपत्रं पोस्टानं आली, त्यावर माझा फोटो, डोक्यावर पदर घेतलेला. परीक्षेला हॉलच्या दारातल्या बाईंनी मला अडवलं, "आजी, नातीला सोडून तुम्ही बाहेर थांबा." मी पदराआडून प्रवेशपत्र काढून दाखवलं. त्या बाई नुसत्या बाजूला झाल्या नाहीत, त्यांनी मला बाकापर्यंत नेलं. निकाल लागला तर पाचही जणी पास, आणि जाऊला माझ्याहून जास्त मार्क. ते ती आजपर्यंत सांगते, लग्नात, बारशात, दळणाच्या रांगेत. आम्ही ओझरच्या गणपतीला पेढे घेऊन गेलो. पुजाऱ्यानं विचारलं, "काय झालं, मुलगा पास झाला?" जाऊ म्हणाली, "मुलगा कशाला, आमीच झालो की." सून बी.ए. झाली. मी अजून पहिल्या वर्षाच्या इंग्रजीत रुतलेय, पण पार्सल दर वर्षी माझ्या नावानं येतं आणि पोस्टमन मला आता आजी म्हणत नाही, विद्यार्थी म्हणतो.

एवढ्यावर थांबले असते, पण तुमच्यापासून लपवून बरं वाटायचं नाही. सावडीच्या त्या उत्तरात सरांनी एका वाक्याखाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलंय, 'छान. स्वतःचा विचार.' वाक्य असं आहे: 'सावडीला अध्यक्ष नसतो, कारण सगळ्या वाकलेल्या असतात, कुणाचं डोकं वर दिसत नाही.' बाकी दीड पान माझं आहे, गुरुजी, शपथेवर सांगते. हे एवढं वाक्य जाऊचं आहे. लागवडीत ती सहज बोलून गेली आणि मी बांधावर जाऊन लिहून टाकलं. खोडायला दोनदा पेन टेकवला, पण खोडवेना, लई चांगलं होतं. तुम्ही आता कुठं असाल ते ठाऊक नाही, या पत्रावर पत्ता कुठला घालायचा, म्हणून ते वहीतच ठेवते. आणि वही ठेवते ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली, कारण जाऊला आता मोठं अक्षर लांबून वाचता येतं.