तिथी पुढे ढकलता आली असती

प्रिय दादा,

आठवतं? मुलुंडच्या आपल्या गॅलरीतून येऊरच्या डोंगराकडे बघत तू म्हणायचास, "बेबी, रेनकोट घे." बाहेर कडक ऊन असायचं रे! कॉन्व्हेंटातल्या मुली मला हसायच्या. दुपारी त्या चिंब भिजून जायच्या आणि मी कोरडी घरी यायचे.

आज त्याच गॅलरीत बसून लिहितेय. एक कबुली द्यायची आहे. तुझ्या फोटोसमोर उभं राहून ती देता येईना.

परवा तुझं पहिलं वर्षश्राद्ध होतं. तुझ्या ट्रेकच्या ग्रुपने ठरवलं, त्याच दिवशी तुझ्या लाडक्या गडावर जायचं, माथ्यावर तुझ्या नावाने नारळ फोडायचा. आदल्या संध्याकाळी तुझ्या मुक्ताचा फोन आला. "आत्या, रेड अलर्ट आहे गं. काय करू?"

आणि मी काय म्हणावं? "तिथी कुणी पुढे ढकलतं का? जा. बाबा सांभाळेल."

आयुष्यभर अंदाज बघून ट्रेक रद्द केलेस तू, आणि तुझ्याच नावाने मी पोरांना त्या पावसात धाडलं! सगळे तुला 'वेधशाळा' म्हणून चिडवायचे. एकदा शिट्टी वाजवून वीस जणांना पायथ्यावरून परत फिरवलंस आणि पाऊस पडलाच नाही. मीच किती टोमणे मारले! तू हसून म्हणालास, "कोरडे परत आलो, यात कुणाचं काय गेलं?"

गड उतरताना ओढा फुगला. अकरा जण पलीकडे अडकले, मुक्ताचा पाय मुरगळलेला. कुणाचाच फोन लागेना. पाच तास, दादा! तुझ्या फोटोशी मी भांडत बसले होते. शेवटी पोरांच्या हाका ऐकून तुझा काशिनाथ, ज्याच्या घरी तुम्ही दर वेळी पिठलं-भाकरी खायचात, तो वाडीतली माणसं घेऊन आला. दोर बांधून एकेकाला काढलं. मुक्ताला पाठीवर घेतलं आणि वर झापलंही, "तुजा बा असता तं गाडीतनं उतरू नसतं दिलं तुमाला!"

सगळे सुखरूप आहेत. मुक्ता मला एका शब्दानेही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

तुझ्यावरही राग आहे हं माझा! कुठल्या कुठे असलेला ढग ओळखायचास, मग स्वतःच्या छातीतली कळ आठवडाभर 'गॅस आहे गं' म्हणून का लपवलीस?

वचन देते, पुढच्या वर्षी तिथीला तुझं पान घरीच वाढेन. गडावर जाऊ ते मार्गशीर्षात, आभाळ मोकळं असताना. गुडघ्यांनी साथ दिली तर पायथ्यापर्यंत मीही येईन.

तुझं कपाट काल उघडलं. दोन्ही दोर काशिनाथच्या वाडीला. तंबू ग्रुपला. दुर्बीण मुक्ताला, पाय बरा झाल्यावर. बूट वहिनी कुणाला देऊ देत नाही, ते राहू देत तिच्याजवळ. शिट्टी मात्र मी ठेवून घेतेय. पोरांना परत फिरवणारं कुणीतरी हवंच ना?

तुझी,
बेबी