तिसऱ्या टाकीवरची चिठ्ठी

प्रिय दादा,

गुरुवारी सकाळी कारखाना निरीक्षक तुझ्या घरी येणार आहेत. मालकीणबाईंनी आज दुपारी सांगितलं. तिसऱ्या टाकीत काय आहे हे तुला कळायला हवं होतं की नव्हतं, एवढाच त्यांचा प्रश्न असेल. तुला बोलता येत नाही म्हणून उत्तर लिहून घेतील आणि त्यावरून चूक कोणाची ते ठरेल. तुझी ठरली तर कागदावर 'स्वतःचा निष्काळजीपणा' असं येईल आणि ब्रुअरीचा तुझ्याशी असलेला संबंध तिथेच संपेल. माझा जबाब गेल्या आठवड्यात झाला. मी काय सांगितलं ते पुढे लिहितो, ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने. वहिनी फोनवर म्हणाली की आता तुझी नळी काढली आहे आणि तू चमच्याने घेतोस. मला बरं वाटलं. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "पण गोड दिलं काय नि खारट दिलं काय, त्यांना सगळं सारखंच." मी फोन ठेवला.

आपण पहिल्यांदा टायरच्या दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमधल्या छोट्या ब्रुअरीत गेलो होतो, ते तुला आठवत असेल. तोपर्यंत बिअर म्हणजे पिवळी, गार आणि कडू, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. तिथल्या दाढीवाल्याने फळीवर चार छोटे ग्लास मांडले, चारांत चार रंग. तू पहिल्यात नाक घातलंस आणि म्हणालास, "भाजलेल्या पावाची कड. आणि मागून संत्र्याची साल येतेय." दाढीवाला फडकं हातात धरून तसाच उभा राहिला. त्याने संत्र्याची साल खरोखरच घातली होती आणि ती तोवर कोणालाही लागली नव्हती. "कुठे शिकलात?" त्याने विचारलं. "घरी. आमची आई दूध नासलंय का ते मलाच विचारते," तू म्हणालास. मला त्या चारही ग्लासांत फक्त कडू लागलं. मी वही काढली आणि तू बोललास ते उतरवून घेतलं, शेजारी माझं. 'कड' आणि 'कडू' शेजारी शेजारी आले, ते मला आवडलं होतं.

पुढे दोन वर्षं प्रत्येक सुट्टीला आपण एकेक जागा शोधून काढली. बंद पडलेल्या दूध डेअरीतली ब्रुअरी, जिथली गव्हाची बिअर ढगाळ होती आणि तिला पिकल्या केळ्याचा वास होता. छापखान्याच्या तळघरातली, जिथली बिअर शाईसारखी काळी आणि जळक्या कॉफीच्या चवीची होती. दोन बहिणींनी गॅरेजमध्ये चालवलेली, जिच्या आंबट बिअरने तुझा एक डोळा आपोआप मिटला होता. त्या बहिणींच्या लेबलवर ऱ्हस्वदीर्घाच्या दोन चुका होत्या. मी दाखवल्या, तर थोरलीने मला एक बाटली फुकट दिली. परत येताना बसमध्ये तू शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलंस, "हा बाटली पीत नाही, वाचतो." तो माणूस हसला, मीही हसलो. तेव्हा मला ते लागलं नाही. तुझ्याबरोबर असणं मला एवढं आवडायचं की लागायला जागाच नव्हती.

बिअरमधले दोष तू मला शिकवलेस. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर शिळी. उकडलेल्या मक्याचा आला तर उकळताना झाकण ठेवलं होतं. लोण्याचा आला तर घाई केली. मला ते पाढ्यासारखं पाठ झालं, पण पाढे पाठ असून चार नाणी मोजता येऊ नयेत तशी माझी जीभ होती. पुठ्ठा ओला की कोरडा ते मला कधी कळलं नाही. मी नववीतून निघालेला माणूस. बाबा गेल्यावर "घरात एक शिकलेला पुरे" असं तूच म्हणाला होतास, आणि मला बाटल्या धुवायला लावलं होतंस. मला शुद्ध लिहिता येतं, दुसरं काही येत नाही. म्हणून तू माझं नाव शुद्धलेखन ठेवलंस आणि हळूहळू प्रत्येक ब्रुअरीत मला त्याच नावाने ओळखू लागले.

डेअरीतला तो दिवस तू विसरला असशील. टेबलाभोवती सात-आठ जण होते. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात तू सगळ्यांच्या ग्लासांतला तळ एका ग्लासात ओतलास, त्यात नळाखालच्या ताटलीतलं सांडलेलं घातलंस, आणि मी आल्यावर म्हणालास, "शुद्धलेखन, ही खास आहे. बाहेर कोणाला देत नाहीत. नीट लिही." मी नीट लिहिलं. 'फुलांचा मंद सुगंध. शेवटी मधासारखा गोडवा. घशात रेंगाळते.' तू वही ओढून घेतलीस आणि उभा राहून ते मोठ्याने वाचलंस. 'रेंगाळते'वर एक जण खुर्चीवरून घसरला. "ऱ्हस्वदीर्घ बघा, एक चूक नाही," तू म्हणालास. त्यानंतर जिथे गेलो तिथे तू ते पान वाचून दाखवलंस. नव्या जागेत शिरलो की मला बिअरआधी त्या पानाचाच वास यायचा. पान फाडून टाकलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण वहीचं पान फाडणं मला जमत नाही.

मग बाईंनी जुन्या लाँड्रीत ब्रुअरी काढली, तुला मुख्य ब्रुअर नेमलं आणि तुझ्या शब्दावर मला टाक्या धुवायला ठेवलं. आई शेजारणीला सांगायची, "दोघंही भट्टीवर जातात," आणि तू चिडायचास. टाकीवर चिठ्ठी लावायचं काम माझं होतं. मी लिहायचो, 'टाकी क्रमांक दोन. आतील बिअर अद्याप तयार नाही. कृपया नळ उघडू नये.' तू ती सगळ्यांसमोर टराटरा फाडलीस. "निबंध स्पर्धा नाही ही. एक शब्द. तयार नसेल तर 'थांबा', असेल तर 'सोडा'. चौकातल्या दिव्यासारखं." मी म्हणालो की एका शब्दाने घोटाळा होऊ शकतो. तू म्हणालास, "तू बोलू नकोस. तू लिही." पोती उतरवणारे हमालही हसले. त्या दिवसापासून मी एकच शब्द लिहू लागलो. थांबा. सोडा. थांबा. थांबा. सोडा.

त्या शनिवार-रविवारी तू त्या दोन बहिणींकडे नवी बिअर चाखायला गेला होतास. मोठी मागणी आली म्हणून बाईंनी तिसऱ्या टाकीतली फिकी बिअर मोठ्या पाचव्या टाकीत हलवायला लावली आणि मला तिसरी धुवायला सांगितली. तळाला यीस्टचा थर घट्ट बसला होता. मी कॉस्टिक सोड्याचं पाणी भरलं आणि रात्रभर भिजत ठेवलं. आपण सगळे त्याला नुसता सोडाच म्हणतो. मग चिठ्ठी लिहायला बसलो. टाकीत काय आहे? सोडा. एक शब्द. मी तो लिहिला. काना देतानाच माझ्या लक्षात आलं की हा शब्द एक नाही, दोन आहेत. एक नाम आहे, एक क्रियापद. शाळेत व्याकरणात माझा पहिला नंबर कधी चुकला नाही. त्याखाली 'धोका' लिहायला जागा होती. पेनमध्ये शाई होती. मी पेनला टोपण लावलं आणि चिठ्ठी टाकीवर अडकवली. तू वाचशील आणि फसशील असं मनात होतं का, असं मी स्वतःला रोज विचारतो. नळाखाली तुझा मग धरशील, वास घेशील, ओतून देशील, आणि एकदा तरी चारचौघांत तुझी फजिती होईल, एवढं नक्की मनात होतं. पुढचं नव्हतं. निदान रविवारी नव्हतं.

सोमवारी तू दाढीवाल्याला आणि त्याच्या भागीदाराला घेऊन आलास. चिठ्ठी वाचलीस, म्हणालास, "वा, तिसरी तयार झाली," आणि तुझा स्टीलचा मग नळाखाली धरलास. काचेचा असता तर रंग दिसला असता. तू वासही घेतला नाहीस, कारण तू त्यांना डेअरीची गोष्ट सांगत होतास. 'रेंगाळते'पर्यंत आला होतास. नंतर तो मग माझ्यापुढे केलास. "घे शुद्धलेखन, तूच सांग यात काय आहे." दादा, आयुष्यात पहिल्यांदा मला मगात काय आहे ते अचूक माहीत होतं, आणि तुला माहीत नव्हतं. मी नकारार्थी मान हलवली. भागीदार हसला. "घाबरला," तू म्हणालास, "मागच्या वेळी फारच छान लागली होती ना." मला एक शब्द बोलायचा होता. तोंड उघडून एक शब्द. तू मग तोंडाला लावलास तेव्हा मी तुझ्या गळ्याकडे बघत होतो. तू नेहमीसारखा मोठा घोट घेतलास.

नंतर पाण्याचा पाइप मीच तुझ्या तोंडाला धरला, गाडीत तुझं डोकं मीच मांडीवर घेतलं, आणि आई सगळ्यांना सांगते की धाकट्याने भावाचा जीव वाचवला. बाईंनी मला चिठ्ठ्यांबरोबर चवीची नोंदही करायला सांगितलं आहे. त्यांनी माझ्या वह्या वाचल्या. त्यांना वाटतं ते शब्द माझे आहेत. मी आता रोज सकाळी पाच टाक्यांची बिअर तोंडात घेतो, मला कडू लागतं, आणि मी तुझ्या जुन्या पानांवरून योग्य तो शब्द शोधून लिहितो. अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

निरीक्षकांना मी सांगितलं की चिठ्ठी तर लावलीच होती, शिवाय रविवारी रात्री तू परतल्यावर तुला तोंडीही बजावलं होतं: तिसऱ्या टाकीत कॉस्टिक आहे. त्यांनी विचारलं, "नक्की?" तेव्हा बाई मधेच म्हणाल्या, "याच्या हातून कधी चूक होत नाही हो." त्यांनी लिहून घेतलं. दाढीवाल्याला आणि भागीदाराला सोमवारच्या आधीचं काय माहीत असणार? तू गुरुवारी 'मला सांगितलं नव्हतं' असं लिहिलंस तर तुझा शब्द एकटा पडेल, आणि तुझ्या अक्षरात लिहिलेला शब्द निरीक्षकांना दोनदा वाचावा लागेल.

म्हणून हे पत्र. मी माफी मागत नाही. ती मागितली तर तू ती चारचौघांत वाचून दाखवशील अशी मला अजून भीती वाटते. मी तोंडी काहीच बजावलं नव्हतं, मला सगळं माहीत होतं आणि मी गप्प उभा राहिलो, हे माझ्या अक्षरात, सहीसकट तुझ्या हातात आहे. दुसरी प्रत ठेवलेली नाही. हे निरीक्षकांना दिलंस तर मी आत जाईन, आईकडे कोणाचाच पगार येणार नाही आणि तू मोकळा होशील. फक्त ते अर्धं देता येणार नाही. मी मुद्दाम एकाच कागदावर पाठपोट लिहिलं आहे. मी जे केलं ते मागच्या बाजूला आहे आणि तू जे केलंस ते पुढच्या. गुरुवारी कागद त्यांच्या हातात गेला की ते आधी पुढची बाजू वाचतील, वहिनीच्या आणि आईच्या देखत, बहुतेक मोठ्याने.

इतकं करूनही तुझाच,
धाकटा