रोलीचा तेविसावा राजीनामा

रविवार, ३ नोव्हेंबर
आज राजीनामा दिला. 'द मिल्क टोकन्स' बँडमधून, तेविसाव्यांदा. कारण: कार्लटनने माझा ट्रॉम्बोनचा सोलो सोळा आवर्तनांवरून आठवर आणला. म्हणतो, रोली, हल्ली आटोपशीर बरं वाटतं. बेचाळीस वर्षं गातोय हा माणूस, आत्ता आटोपशीरपणा सुचला! अजिबात नमणार नाही.

४ नोव्हेंबर
पद्धत ठरलेली आहे. ख्रिसमसच्या दौऱ्याआधी मी पत्र टाकतो. पुढच्या रविवारी कार्लटन त्याच्या आईच्या हातचा आल्याचा केक घेऊन मनधरणीला येतो. मी नाही-नाही म्हणत दोन तुकडे खातो आणि बँड वाचतो. कॉव्हेंट्रीत आमचं स्का संगीत अजून जिवंत आहे तो या केकच्या जोरावर.
यंदा केकवर भागणार नाही. अटी: पूर्ण सोळा आवर्तनं. पोस्टरवर मधली जागा. व्हॅनमध्ये पुढची सीट (गुडघा).

१० नोव्हेंबर, सकाळी ११
ग्लेनिसला बजावलं, कार्लटन आला की सांग, रोली घरी नाही. त्याने दुसऱ्यांदा विनवलं की मला हाक मार. ती म्हणाली, तू चौसष्ट वर्षांचा आहेस की सहा? बायकोला कलावंताचं मन कळत नाही.
मी वर जाऊन सोलो वाजवायला घेतला. घरी नसलो तरी काय गमावतोय ते त्याला दारात ऐकू यायला हवं. नवव्या आवर्तनाला थांबलो. बेल ऐकायला.

त्याच दिवशी, ४ वाजता
बेल वाजली होती, पण हाक आली नाही. ग्लेनिस म्हणते, चर्चच्या मदतीसाठी कुणीतरी आलं होतं. चहाबरोबर आल्याचा केक. तोही चर्चमधलाच म्हणे. चव ओळखीची वाटली. हल्ली सगळीकडे एकाच चवीचा करतात.
कार्लटन नाही तो नाहीच. लाजत असणार.

२१ नोव्हेंबर
कार्लटनचा फोन! मुद्दाम पाच वेळा वाजू दिला. विचारत होता, सरावाच्या खोलीतला हीटर कसा पेटतो. सांगितलं, खाली डावीकडे एक लाथ घाल. थँक्यू म्हणून ठेवला.
अर्थ उघड आहे. माझ्यावाचून गारठलेत.

३० नोव्हेंबर
पोस्टर लागलं. डोक्यांवरच्या हॅटा मोजल्या: सात, मी असताना होत्या तेवढ्याच. म्हणजे माझ्या जागी कुणीतरी आहे. कुणी इमोजेन, शाळेत संगीत शिकवते. बिचारी. लोक ओरडून स्टेजवरून खाली उतरवतील तिला.

७ डिसेंबर, दुपारी ३
संध्याकाळी कार्यक्रम, आपल्याच गावात. प्रेक्षक म्हणून जातोय. हॅटला ब्रश मारला. ट्रॉम्बोन गाडीच्या डिकीत ठेवला आहे. पहिलं गाणं फसलं की मला हुडकतील. लगेच जायचं नाही. दुसरंही फसू द्यायचं.

८ डिसेंबर
इमोजेनने सोळाच्या सोळा वाजवली. हॉल नाचत होता. मीही उड्या मारल्या, चुकून. गुडघा सुजला आहे.
नंतर कार्लटनने मिठीच मारली. म्हणाला, त्या रविवारी आलो होतो रे, केक घेऊन. ग्लेनिस दारात म्हणाली, या वेळी नको मनवूस, नवव्याला त्याचा दम संपतो, तो स्वतः कधी बोलायचा नाही. तेव्हाच वर तू वाजवत होतास आणि नवव्याला थांबलास. मी केक तिच्या हातात दिला नि गेलो.
सरावात माझा दम त्यालाही ऐकू आला होता; आठ आवर्तनं त्याने माझ्यासाठीच केली होती.
 घरी आल्यावर ग्लेनिस म्हणाली, रोली, तुझी फजिती लोकांनी बघावी हे मला सोसलं नसतं. भांडणार होतो. पण ती रडायला लागली आणि मग मीही. फार वाईट वाटलं. अजून वाटतंय.
आज सकाळी वर जाऊन पुन्हा वाजवून पाहिलं. नवव्याला थांबलो. बेलबिल काही वाजली नाही.
खाली आलो, चहा घेतला. त्या रविवारचा केक छान होता, असं ग्लेनिसला सांगून टाकलं.
पुढच्या नोव्हेंबरात राजीनामा कशाचा द्यायचा, हे काही सुचत नाही.