तुझ्या नावाचं टेबल

१४ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं आणि आधी पाकीट उलटं करून बघितलं, चुकून तर आलं नाही ना म्हणून. इकडे सगळं ठीक. माझी तब्येत बरी आहे, वजन पेशाला शोभेल इतकं. भावजींचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांपेक्षा त्यांचा त्या जुन्या पट्ट्यावरच जास्त विश्वास दिसतो.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने येते म्हणालीस, आणि वर विचारलंस की, इतकी वर्षं पेपरात हॉटेलांवर लिहितेस तर सकाळी कुठे खायचं आणि संध्याकाळी कुठे प्यायचं ते तूच सांग. ‘उशिरा उठणाऱ्यांच्या नाश्त्याला ब्रंच म्हणतात, एवढं मला कळतं.’ हे वाचून मी एकटीच मोठ्यांदा हसले. तर आधी त्याचं उत्तर देते.

सकाळी अकराला नदीकाठचं काचेचं हॉटेल. खिडकीकडून तिसरं टेबल मागायचं. तिथलं मशरूमचं ऑम्लेट मधे ओलसर ठेवतात, पाव त्यांच्याच भट्टीतला असतो, आणि कॉफी दुसऱ्यांदा मागितली तरी कोणी तोंड वाकडं करत नाही. जुन्या छापखान्यातलं दुसरं ठिकाण गोडखाऊंसाठी. पॅनकेक ताटाएवढे, पण टेबलं इतकी जवळ की शेजारच्यांचं भांडण आपल्याला पाठ होतं. संध्याकाळी टेकडीवरचा गच्चीतला बार. सहाच्या आत पोचलं तर पाण्यावर अजून ऊन असतं. तिथली बारवाली संत्र्याची साल पेटत्या काडीवर जराशी भाजून जिनमध्ये सोडते. पहिल्या घोटाला तू नाक मुरडतेस, आणि मग ग्लास काही माझ्याकडे सरकवत नाहीस.

सरकवणार नाहीस, असं लिहायचं होतं. पण खोडत नाही. ताई, यातल्या एकाही ठिकाणी तुला जायचं नाही. शनिवारी तर तू यायचंच नाहीस. लगेच पत्र फाडू नकोस, पुढे वाच. फोन करत नाही, कारण फोनवर मी खोटं बोलते हे तुला माहीत आहे. लिहिताना जरा कमी बोलते.

माझ्या धंद्यात स्वतःच्या नावाने टेबल ठेवत नाहीत. नाव कळलं की स्वयंपाकघर सावध होतं आणि मग जावयासारखी सरबराई होते, त्यात लिहिण्यासारखं काही उरत नाही. आणि एकट्या बाईला देतात ते टेबल हमखास बेसिनच्या शेजारचं. म्हणून टेबल दोघांचं आणि नाव भलत्याचं. मी तुझं नाव द्यायला लागले. पूर्ण, माहेरच्या आडनावासकट. दुसरं सुचलं नाही असं नाही. तुझं नाव तोंडून बाहेर पडायला मला तेवढंच एक निमित्त उरलं होतं. पदार्थ दोन मागवायचे आणि वेटरला सांगायचं, ताईला उशीर होतोय, तुम्ही आणा. पाच वर्षं तुला उशीर होत होता.

मागच्या जूनमध्ये तू आलीस.

काचेच्या हॉटेलात मी पोचले तर समोरच्या खुर्चीत तू. तोच करडा स्वेटर, केसांना औषधांच्या पुड्यांवरचा रबर, डोळ्यांखाली आईच्या आजारपणातली वर्तुळं. “माझ्या नावाचं टेबल आहे ना?” एवढं म्हणालीस आणि मेनू उघडलास. मला वाटलं, पत्ता शोधत आलीस. मी रडत होते आणि तू खात होतीस, खाली मान घालून, वाफ निघणारं ऑम्लेट. वेट्रेसने येऊन विचारलं, “तुमच्या बहिणीला अजून टोस्ट आणू?” म्हणजे मला भास झाला म्हणशील, तर नाही. तिला टोस्ट आणून दिले.

त्यानंतर दर शनिवारी. स्वेटर तोच, वर्तुळं तीच. बोलायचीस थोडंच, पण गोड. आणि तिथेच मला कळायला हवं होतं, कारण तू आणि एक तास भांडणाशिवाय? तिसऱ्या शनिवारी मी हात धुण्याच्या निमित्ताने उठले आणि बाहेर जाऊन तुमच्या घरी फोन लावला. भावजींनी उचलला. “झोपलीय ती आजही, काय माहीत कशी, एरवी या वेळेला कधी झोपत नाही,” म्हणाले. मी कोण ते न सांगता फोन ठेवला. काचेतून आत पाहिलं. ती पावाला लोणी लावत होती.

मी आत जाऊन तिच्यासमोर बसले. हा माझा खरा गुन्हा. पहिल्या दोन शनिवारी मी फसले होते, पुढच्या सगळ्या शनिवारी मी जाणूनबुजून गेले.

का गेले ते सांगते. मी आई जायच्या आधीच्या त्या शनिवारचा विषय काढायला तोंड उघडलं, की ती माझ्या हातावर हात ठेवायची. म्हणायची, “असू दे गं.” वाक्यसुद्धा पुरं करू द्यायची नाही. ताई, सहा वर्षं मी हे दोन शब्द कोणाच्या तरी तोंडून ऐकायला तरसले होते. तुझ्या चेहऱ्याने कोणी ते म्हणतंय, तर ती कोण हे विचारायचा धीर मला झाला नाही.

आता तुझ्या पत्रातला दुसरा कागद. जूनपासून शनिवारी दहाच्या सुमाराला तुझे डोळे मिटतात, दोनपर्यंत हलवूनही जाग येत नाही. तपासण्या सगळ्या चांगल्या. जानेवारीपासून तर दिवेलागणीपर्यंत झोप, आणि उठल्यावर तोंडात संत्र्याच्या सालीची चव. तू हे विनोदाने लिहिलंस, ‘म्हातारपण लवकर आलं’ म्हणून. जानेवारीत काय झालं ते मला माहीत आहे. संपादकीणबाईंनी सदर वाढवलं. ब्रंचबरोबर संध्याकाळची कॉकटेलंही लिही म्हणाल्या. मग आम्ही दोघी ब्रंचनंतर नदीकाठाने फिरायचो आणि टेकडीवर जायचो.

गेल्या शनिवारी गच्चीत ती तिसऱ्या ग्लासावर होती. एकदम दचकली, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, “पाणी का मारताय?” तिच्या कपाळावरून, कानामागून पाणी गळत होतं. आभाळ कोरडं होतं. बारवालीने नॅपकिन आणून दिला, मला वाटलं तिनेच स्वतःच्या अंगावर ग्लास सांडला. काल तुझ्या पत्रात वाचलं की गेल्या शनिवारी भावजींनी घाबरून अख्खा तांब्या तुझ्या डोक्यावर ओतला आणि तरी तू उठली नाहीस.

आज सकाळी पुढच्या महिन्यापर्यंतची सगळी टेबलं मी रद्द केली. काचेच्या हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, “रद्द कसं? तुमच्या ताई तर सांगून गेल्या, शनिवारचं टेबल आता कायमचं ठेवा म्हणून. शिवाय रविवारचंही.” मी पुन्हा पुन्हा नाही म्हटलं. तो अवघडून म्हणाला, “मॅडम, टेबल त्यांच्या नावाचं आहे. रद्द करायचं तर त्यांनीच करायला हवं.”

म्हणून तू शनिवारी गाडीत बसायचं नाही. दहा वाजता तू गाडीतच असशील, आणि मग तुला कोण उठवणार?

मी येते. शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारभर तुझ्या शेजारी बसते. हे वाचून तू काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. चौदा महिने तू आईचं सगळं केलंस आणि माझ्याकडे एकच शनिवार मागितलास. कुठेतरी खुर्चीत बसून, दुसऱ्याने वाढलेलं गरम खायचं होतं तुला. मी हो म्हटलं, आणि आदल्या दिवशी फोन केला की संपादकीणबाई मला एका नव्या जागेवर पाठवताहेत, जमत नाही. मंगळवारी आई गेली. तू म्हणालीस, “तुझा शनिवार तुला लखलाभ.”

ताई, मला कोणी पाठवलं नव्हतं. सुट्टी होती मला. आईच्या खोलीत एकटीने दिवस काढायची मला भीती वाटली, तिने काही मागितलं आणि मला करता आलं नाही तर, याची. म्हणून खोटं बोलले, आणि त्या दिवशी खरंच ब्रंचला गेले. पोटभर खाल्लं. हेच मी त्या बाईला सांगायला जायचे आणि ती ऐकून घ्यायची नाही. ज्याची गोष्ट आहे त्यालाच सांगायला हवी होती.

वाचून संताप आला असेल. येऊ दे. फक्त आत्ता भावजींवर काढू नकोस आणि गिळूनही टाकू नकोस, शनिवारी सकाळी दहापर्यंत जपून ठेव. आपल्या भांडणात तुला कधी झोप लागलेली नाही. मी समोर बसेन. सहा वर्षांचं सगळं काढ, आईपासून सुरू कर, मला मधे बोलू देऊ नकोस, आवाज खाली येऊ देऊ नकोस. दिवे लागेपर्यंत पुरेल एवढं नक्कीच आहे तुझ्याकडे. चहा मी करेन.

आणि काही झालं तरी ‘असू दे’ म्हणू नकोस. तुझ्या तोंडून ते आलं, तर मला कळणार नाही की तू कोण आहेस.

शुक्रवारी सव्वासातच्या गाडीने, या वेळी खरोखर येणारी,
तुझी धाकटी