जेद्दाहला भेटलेले यासीनभाई

अल अझीझिया, जेद्दाह

प्रिय शरफुन्निसा,

सलाम. अम्मी आणि मुलं खुशाल असतील.

जहाज बंदरात थांबलंय, एवढंच तुला फोनवर सांगितलं. खरं म्हणजे जहाज पुढे गेलंय आणि मी मागे राहिलोय. घाबरू नकोस. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आता चालतो, दोन वेळा जेवतो. अम्मीला हळूहळू सांग.

बंदरातून दवाखान्यात नेताना मी गाडीत "आई गं" म्हणून कळवळलो. ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, "कोकणातले काय?" ते हर्णैचे यासीनभाई. मला सोडून ते निघून गेले असते तरी चाललं असतं. पण नर्सने "पेशंटचं कोण आहे?" म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मी भाऊ." ऑपरेशन संपेपर्यंत बाहेर बसून होते. आता मी त्यांच्याच खोलीवर आहे. मला पलंग देऊन स्वतः खाली झोपतात. रोज मऊ खिचडी करतात, जरा खारट होते. टाके अजून ओढतात, पण पुढच्या आठवड्यात जहाजाच्या कंपनीवाले विमानाने घरी पाठवतील.

धाकटीचा खोकला गेला का?

एक काम कर. हर्णैला यासीनभाईंची आई एकटी असते. चार वर्षं त्यांना सुट्टी मिळालेली नाही. "काय निरोप देऊ?" विचारलं, तर म्हणाले, "जाड झालोय म्हणून सांगा."

ते अगदी बारीक आहेत. तू मात्र तसंच सांग. मुलांना घेऊन जा आणि दिवसभर त्यांच्या आईपाशी राहा.

तुझा,
मुनाफ